हा डबा १९५४चा आहे, माझं तळघर १९५१मध्ये आहे

माझा आतेभाऊ अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात राहतो. त्याच्या शेजारचे आजोबा, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, तळघरात छोटी रेल्वे चालवतात एवढं मला फोनवर ऐकून माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे होतो तेव्हा आतेभावाच्या मुलानं त्यांना वाढदिवसाला एक मालडबा भेट दिला. पेनसिल्वेनिया रेल्वेचाच, झकास तपकिरी-लाल रंगाचा. आजोबांनी तो उलटासुलटा करून भिंगातून पाहिला, पोराचे मनापासून आभार मानले आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "पण हा डबा १९५४चा आहे. माझं तळघर १९५१मध्ये आहे."

या वाक्याचा नीट अर्थ लागायला मला तीन संध्याकाळी लागल्या. २०१९ साली गायक रॉड स्टुअर्टनं दोन दशकांहून जास्त काळ खपून उभारलेलं १९४०च्या दशकातलं छोटं अमेरिकन शहर जगाला दाखवलं, तेव्हा बातम्या वाचून बहुतेकांना प्रश्न पडला होता की एवढा मोठा माणूस खेळण्यात एवढा वेळ का घालवतो. मला आता वाटतं, प्रश्न 'का' हा नाहीच. आधी 'नेमकं काय करतात' हे समजून घ्यायला हवं.

आधी दिवाळीचा किल्ला आठवा

आपण लहानपणी केलेल्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा, वाघ दरवाजापेक्षा मोठा आणि तळ्यातलं बदक होडीएवढं. कुणाची तक्रार नसायची. मोहरी पेरून हिरवळ उगवली की किल्ला झाला. ही झाली पहिली पायरी.

दुसऱ्या पायरीवर एखादं हौशी मंडळ म्हणतं, यंदा राजगड करायचा. मग तीन माच्या हव्यात, बालेकिल्ला मधोमध हवा, सगळ्यांची मापं एकमेकांशी जुळायला हवीत. आणि तिसऱ्या पायरीवर कुणीतरी विचारतं, "राजगड ठीक, पण कुठल्या सालचा?" हा प्रश्न आला की अर्ध्या गोष्टी गळून पडतात. नंतर बांधलेलं काढावं लागतं, नंतर पडलेलं पुन्हा उभं करावं लागतं.

आजोबा तिसऱ्या पायरीवर आहेत. त्यांच्या तळघरात पेनसिल्वेनिया रेल्वेच्या मुख्य मार्गाचा एक तुकडा आहे आणि तिथे कायम ऑक्टोबर १९५१ चालू असतो.

मापाचं गणित एकदाच सांगतो. त्यांची रेल्वे 'एचओ' या प्रमाणातली आहे. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे तिथले साडेतीन मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूच्या साधारण सत्त्याऐंशीवा भाग. अमेरिकेतला त्या काळचा नेहमीचा बंद मालडबा चाळीस फुटी. तो इथे १४० मिलिमीटरचा होतो, हातातल्या मोबाइलपेक्षा थोडा आखूड. त्यावर चढायच्या शिडीचा गज खऱ्या डब्यात पाऊण इंच जाड. इथे ती तार ०.२२ मिलिमीटरची हवी. आजोबा ती चिमट्यानं, श्वास रोखून बसवतात.

मालडब्यालाच एवढं महत्त्व का?

मराठी रेल्वेवाल्यांनी 'वॅगन'ची कधीच 'वाघीण' करून टाकली आहे, आणि मला तो शब्द भारी आवडतो. पण सामान्य माणूस गाडीत बघतो इंजिन. वाघिणी म्हणजे त्यामागची लांबलचक लाल-तपकिरी रांग.

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी होती. तिथे रेल्वे सरकारी नव्हती. शेकडो खासगी कंपन्या होत्या. इंजिनं ज्याची त्याच्याच रुळांवर धावत. मालडबे मात्र देशभर फिरत. कॅलिफोर्नियात भरलेला डबा चार कंपन्यांच्या रुळांवरून न्यूयॉर्कला पोचायचा आणि माल उतरवल्यावर परतीच्या वाटेवर आणखी कुठे कुठे भटकायचा. दुसऱ्याचा डबा आपल्या हद्दीत असेल तितक्या दिवसांचं भाडं मालकाला द्यायचं. तासावर भाड्यानं आणलेल्या सायकलीचा हिशोब, फक्त दिवसावर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यावर उभं राहून ट्रकच्या पाट्या वाचल्या तर हरियाणापासून केरळपर्यंत सगळे भेटतात ना, तसंच.

आता दुसऱ्याचा डबा आपल्या गाडीत जोडायचा, तर त्याचे ब्रेक आपल्या ब्रेकशी जुळायला हवेत आणि आकडा आपल्या आकड्यात अडकायला हवा. म्हणून सगळ्या कंपन्यांच्या संघटनेनं देशभर लागू होणारे नियम केले. अमुक तारखेनंतर नव्या डब्याला हे हवंच, तमुक तारखेनंतर ते असलेला डबा आम्ही घेणारच नाही. सगळी गोम इथे आहे. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू, त्यामुळे डब्याचा एकेक भाग स्वतःची तारीख अंगावर घेऊन फिरतो. घोड्याच्या दातांवरून वय सांगणारे असतात, तसे हे लोक छपरावरून डब्याचं वय सांगतात.

डब्याच्या अंगावरची घड्याळं

आजोबांनी मला एकेक डबा हातात देऊन शिकवलं, त्याच क्रमानं सांगतो.

डबा उलटा करायचा. जुन्या पद्धतीच्या, 'के' नावाच्या ब्रेकमध्ये हवेची टाकी, झडप आणि दट्ट्या हे सगळं एकाला एक चिकटलेलं, एकच गाठोडं. नव्या 'एबी' ब्रेकमध्ये तीन वस्तू तीन ठिकाणी आणि मध्ये नळ्या. १९३३पासून नव्या डब्यांना एबी बंधनकारक झाला आणि १९५३मध्ये के ब्रेकवाले डबे इतरांच्या रुळांवर जायला बंद झाले. म्हणजे ऑक्टोबर १९५१मध्ये के ब्रेकचा डबा दिसू शकतो, पण शेवटचे दिवस मोजणारा. आजोबांकडे असे दोन-तीनच आहेत, आणि तेही कळकट.

मग चाकांची चौकट बघायची. पट्ट्या वाकवून नटबोल्टनं आवळलेल्या जुन्या चौकटी सैल व्हायच्या, मोडायच्या, गाड्या घसरायच्या. १९४०च्या सुमारास त्यांना देशभर मज्जाव झाला. खेळण्यांच्या दुकानात त्या अजून मिळतात, दिसायलाही छान असतात. १९५१मध्ये, निदान मुख्य मार्गावरच्या मालगाडीत, त्या नकोत.

छपरावर ब्रेकवाल्याला चालायला फळी असायची. १९४०च्या दशकाच्या मध्यापासून नव्या डब्यांवर लाकडी फळीऐवजी लोखंडी जाळी आली आणि १९६६पासून नवे डबे फळीशिवायच येऊ लागले. छपराचे पत्रेही बोलतात. तिरप्या उठावाचे पत्रे दिसले की डबा १९४८च्या आधीचा नाही.

भिंती लाकडी का पोलादी, यातही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७च्या अखेरीस, अमेरिकी सरकारनं सगळ्या रेल्वे ताब्यात घेतल्या आणि ठरावीक नमुन्यांचे सुमारे एक लाख मालडबे बनवून घेतले. पोलादाची टंचाई होती, म्हणून बंद डब्यांच्या भिंती लाकडाच्या ठेवल्या. पुढे १९३०च्या दशकात अनेक कंपन्यांनी त्याच सांगाड्यांवर पोलादी भिंती चढवल्या. जुन्या चाळीला नवा दर्शनी भाग लावावा तसं. याउलट पेनसिल्वेनिया रेल्वेनं १९२४पासून 'एक्स२९' नावाचा अख्खा पोलादी डबा वीस हजारांहून जास्त संख्येनं काढला. पुलमन-स्टँडर्ड कंपनीचा प्रसिद्ध 'पीएस-१' आला १९४७मध्ये. त्यामुळे १९४४च्या देखाव्यात पीएस-१ उभा करणं म्हणजे पेशवाईवरच्या चित्रपटात मस्तानीच्या मनगटावर घड्याळ.

आणि सगळ्यात गंमत अक्षरांची. मापं, बांधल्याचा महिना, रिकाम्या डब्याचं वजन, माल किती भरायचा याची मर्यादा, शेवटचं वजन कधी आणि कुठे केलं याची नोंद, हे सगळं भिंतीवर रंगवलेलं असतं. वजन पुन्हा पुन्हा का करायचं? भाडं मालाच्या वजनावर घ्यायचं. मालाचं वजन म्हणजे भरल्या डब्यातून रिकामा डबा वजा. लाकूड पाणी पितं, दुरुस्तीत भाग बदलतात, रिकामं वजन हलतं. म्हणून दर काही वर्षांनी डबा काट्यावर चढवायचा आणि तेवढाच चौकोन नव्यानं रंगवायचा. म्हणजे मळक्या डब्यावर एक स्वच्छ ठिगळ. चांगल्या प्रतिकृतीवर ते ठिगळ दिसतं.

गणिताच्या शिक्षकाला आवडेल अशी एक खूणही यात आहे. ५० टनी वर्गाच्या डब्यावर रिकामं वजन आणि मालाची मर्यादा यांची बेरीज १,६९,००० पौंडच यायला हवी, कारण चाकांच्या आसांची ताकद तेवढीच. रिकामं ४५,००० असेल तर मर्यादा १,२४,०००. बेरीज चुकली तर आकडे कुणीतरी नुसते शोभेला छापलेत. आजोबा दुकानात डबा घेण्याआधी तोंडी बेरीज करतात.

आता पोराच्या भेटीचं कोडं सुटेल. त्या डब्याचा सांगाडा, छप्पर, ब्रेक, सगळं १९५१ला चालणारं होतं. फक्त भिंतीवर पेनसिल्वेनिया रेल्वेचं बोधचिन्ह सावलीसकट रंगवलेलं होतं, आणि ती सावली कंपनीनं आणली १९५४मध्ये.

वीस लाखांतले पन्नास कुठले?

एकेक डबा बिनचूक केला तरी गाडी चुकीची असू शकते. मला हा मुद्दा सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त पटला.

१९५०च्या आसपास अमेरिकेत वीस लाखांच्या घरात मालडबे होते. तळघरात मावतात पन्नास, फार तर दोनशे. हौशी माणूस गोळा काय करतो? सुंदर, दुर्मिळ, रंगीत. कोकाटेमामा जुनी नाणी जमवायचे तेव्हा शिवराई पेटीत आणि चालू आठ आणे खिशात, तसंच. मग गाडीत प्रत्येक डबा वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या रंगाचा होतो. विंटेज कारची रॅली बघून पुण्याच्या ट्रॅफिकचा अंदाज बांधण्यासारखं आहे हे.

खरी गाडी कंटाळवाणी असते. बंद डबे देशभर मोकाट फिरत, त्यामुळे कुठल्याही मोठ्या मार्गावर ते ज्या त्या कंपनीच्या एकूण संख्येच्या प्रमाणात दिसत असावेत, असा अभ्यासू मॉडेलवाल्यांचा कयास आहे. देशातल्या दर दहा मालडब्यांतला साधारण एक पेनसिल्वेनिया रेल्वेचा होता. म्हणजे तुमचं तळघर टेक्सासमध्ये असलं तरी तिचे डबे भरपूर हवेत, आणि एखाद्या छोट्या कंपनीचा तो गोंडस डबा महिन्यातून एकदा. कोळशाच्या उघड्या डब्यांचं उलट. ते खाणीपासून गिऱ्हाइकापर्यंत जात आणि रिकामे परत येत, म्हणून बहुतेक घरच्याच कंपनीचे. टाकीचे डबे तर बहुतांशी रेल्वेचे नसतच, भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांचे असत.

फळं-मांस नेणाऱ्या बर्फाच्या डब्यांवर एके काळी चीज, बिअर, मांसाच्या भडक जाहिराती असत. १९३४मध्ये केंद्रीय वाहतूक आयोगानं त्या जाहिरातींविरुद्ध निकाल दिला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या रुळांवरून नाहीशा झाल्या. दुकानात मात्र सगळ्यात जास्त खपतात तेच डबे. आजोबांकडे एकही नाही. सांगताना त्यांचा चेहरा गोड सोडलेल्या मधुमेह्यासारखा झाला होता.

मग सगळं तंतोतंत असतं का?

मुळीच नाही. आणि जो तसं म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पेनसिल्वेनियातल्या अल्टूना गावाजवळ १८५४मध्ये बांधलेलं घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रसिद्ध वळण घ्या. खऱ्या रेल्वेत ते अवघड, तीव्र वळण मानतात. त्याची त्रिज्या सहाशे फुटांच्या आसपास. तळघरात तेवढं एक वळण चौदा फूट जागा खाईल. खेळण्यांच्या संचातल्या वळणाची त्रिज्या अठरा इंच असते, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम १३० फूट. लांबीचंही तेच. एक मैल म्हणजे एचओमध्ये साठ फूट. आपल्या कर्जत-लोणावळ्याचे २८ किलोमीटर मांडायचे तर ३२० मीटरचा हॉल लागेल. म्हणून दहा कारखान्यांतले तीन निवडायचे, आणि ते असे निवडायचे की तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या डब्यांवरून गावाचा धंदा कळावा.

वजन तर मापात उतरतच नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशी पटीनं घटल्या की वजन साडेसहा लाख पटींहून जास्त घटतं. वीस टनांचा रिकामा डबा जेमतेम तीस ग्रॅमचा होतो आणि वळणावर फुंकरीनं उलटतो. म्हणून १९३५मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेनं, 'एनएमआरए'नं, शिफारस केली आहे: एक औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. चाळीस फुटी डब्याला ते शंभर ग्रॅमच्या थोडं वर जातं. चाकंही खऱ्या मापापेक्षा बरीच रुंद ठेवावी लागतात, नाहीतर रुळावर टिकत नाहीत.

वेळ सुद्धा ताणलेली असते. भिंतीवरचं घड्याळ चौपट वेगानं धावतं. मित्र जमतात, प्रत्येक डब्याला बिल्टी असते, हा डबा अमुक गोदामातून तमुक गावी, आणि तीन तासांत बारा तासांची पाळी उरकते.

एवढी माहिती येते कुठून?

कंटाळवाण्या कागदांतून. देशातल्या मालडब्यांचे क्रमांक आणि मापं छापणारी एक जाडजूड अधिकृत नोंदवही नियमित निघत असे. कुठल्या कंपनीकडे कुठल्या क्रमांकांचे किती डबे, हे त्यात तारखेवार सापडतं. गावांसाठी सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे. ते आगीच्या विम्यासाठी काढलेले, पन्नास फुटांना एक इंच. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, रुळाची फाटी कुठल्या दारापर्यंत जाते तेही दाखवलेलं. विमा कंपनीला फक्त जळेल काय एवढंच हवं होतं. सत्तर वर्षांनी त्यावरून लोक गाव उभारतात.

रंगांसाठी जॅक डेलानो या सरकारी छायाचित्रकाराचे शिकागोच्या यार्डांतले १९४२-४३चे रंगीत फोटो आहेत, अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात. ते पाहिले की पहिला धक्का बसतो तो मळाचा. डब्यांचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंज, आपल्या गेरूचा सख्खा भाऊ. उन्हानं, काजळीनं, कोळशानं त्याच्या वीस छटा झालेल्या.

पण हे कुणाला दिसणार आहे?

हा आक्षेप मीही घेतला. तीन फुटांवरून पाव मिलिमीटरची तार कुणाला कळते? डब्याखालचा ब्रेक तर गाडी घसरल्याशिवाय दिसतच नाही. आजोबांचं उत्तर: "मला माहीत असतं ना." मला हे पूर्ण पटलं नाही. त्यांच्यातही दोन तट आहेत. डब्यावरचा एकेक खिळा मोजून बघणाऱ्या काटेकोर लोकांची इतर मंडळी यथेच्छ थट्टा करतात, आणि ती काही अगदीच बिनबुडाची नाही. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा एका डब्याच्या शिडीवर महिना घालवण्यापेक्षा गाडीतल्या डब्यांचं प्रमाण सुधारावं. डोळ्याला आधी तेच जाणवतं.

खर्चाचं म्हणाल तर तो होतो. पण तिसऱ्या पायरीचा एक अनपेक्षित फायदा आहे: तारीख ठरली की दुकानातल्या शंभरातल्या नव्वद वस्तू घ्यायच्याच नसतात.

आपल्या वाघिणींचं काय?

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. तिथलं शहर काल्पनिक आहे, आणि कल्पनेचं शहर करायला काहीच हरकत नसते. पण जीआयपी, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं एखादं स्टेशन तारखेसकट उभारायचं ठरवलं तर पहिला अडथळा रुळाचाच. बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण अमेरिका-युरोपातली रुंदी १४३५ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६, तिला १९.२ हवेत. म्हणजे एकतर अरुंद रूळ सोसायचा किंवा इंच-इंच हातानं घालायचा.

दुसरं, तारीख. ५ नोव्हेंबर १९५१ला जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली. सगळ्या वाघिणी त्या रात्रीत रंगवल्या नसणारच. तर १९५२च्या जानेवारीत कल्याण यार्डात दहातल्या किती वाघिणींवर जुनी अक्षरं ठेवायची? आतेभावाशी या प्रश्नावर विमानतळाच्या वाटेवर तासभर वाद झाला. उत्तर जुन्या फोटोंत असेल, कुणाच्या तरी आजोबांच्या निवृत्तीच्या समारंभाच्या, मागे चुकून वाघीण आलेल्या.

निघायच्या आदल्या रात्री पेनसिल्वेनियाच्या आजोबांनी आम्हाला पाळी बघायला बोलावलं होतं. नऊ वाजता शेवटची मालगाडी यार्डात लागली, बिल्ट्या गोळा झाल्या, मित्र कॉफीला वर गेले. आजोबांनी भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. मग फडताळातून पोराचा डबा काढला, इंजिनाला जोडला आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "आता कुठलीच तारीख नाहीये," ते म्हणाले, "ने फिरवून."